ऋणफेड आणि गृहस्थधर्म

गृहस्थाश्रम हा इतर सर्व आश्रमांचा आधार होय, असे आपले स्मृतिकार सांगून गेले. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी या तिघांच्याही मुखी पडणारा घास अखेर गृहस्थाच्याच चुलीवर शिजतो, हे त्याचे कारण. परंतु ती चूलच जर उसनवारीवर पेटत असेल, तर त्या गृहस्थाचा धर्म कोणता? महिन्याच्या प्रारंभी हाती आलेली मिळकत आधी सावकाराच्या हाती ठेवावी की आधी मुलाबाळांच्या पानात वाढावी? आणि सणवार, कुळाचार, नवस, लग्नकार्य यांचे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठे असावे? हा प्रश्न आज आपल्या महाजन कुटुंबांपैकी अनेकांच्या घरात रात्री दिवा मालवल्यावर बोलला जातो. चारचौघांत मात्र त्याचा उच्चार होत नाही. म्हणूनच देवस्थानच्या या पत्रिकेत त्याचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'ऋण' या शब्दाकडेच पाहू. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन जन्मतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारताच्या आदिपर्वात पांडूच्या मुखी यांत चौथ्या, मनुष्यऋणाची भर पडते, व ते सहृदय आचरणाने फिटते असे तेथे सांगितले आहे. या चार ऋणांविषयी आपण अभिमानाने बोलतो, आणि बँकेचे वा सोनाराचे ऋण मात्र तोंड लपवून वाहतो. वास्तविक शास्त्राने दोहोंसाठी एकच शब्द वापरला, यात मोठा अर्थ आहे. ऋणी असणे हे पाप नव्हे. तो मनुष्याचा स्वभावधर्मच आहे. पापपुण्याचा प्रश्न उद्भवतो तो पुढे, म्हणजे ऋण कशासाठी काढले आणि ते फेडण्याची बुद्धी जागी आहे की नाही, या दोन ठिकाणी.

आमच्या डिचोली तालुक्याने हा प्रश्न पुस्तकात वाचलेला नाही, अंगावर झेललेला आहे. लोहखनिजाचा धंदा भरभराटीत असताना मये, शिरगाव, पिळगावपासून पार पाळी-सुर्ल्यापर्यंत कितीतरी अंगणांत ट्रक येऊन उभा राहिला. पूर्वी शेतावर संसार चाले, तो आता कर्जाऊ घेतलेल्या त्या चार चाकांवर चालू लागला. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबविले, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही तसाच आदेश दिला. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली खरी. पण खाणी प्रत्यक्ष चालू व्हावयास २०१५ साल उजाडले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि १६ मार्चपासून पुन्हा सारे स्तब्ध झाले. डिचोलीच्या खनिज पट्ट्याचा लिलाव होण्यास २०२२ ची अखेर उजाडावी लागली. न्यायालयाच्या निर्णयामागे नियमभंगाची व पर्यावरणाच्या हानीची सबळ कारणे होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ट्रक उभा राहिला म्हणून हप्ता उभा राहत नाही, ही गोष्ट त्या वर्षांत घरोघर कळून चुकली. सरकारने २०१४ मध्ये खाणग्रस्त कर्जदारांसाठी एकरकमी तडजोडीची योजना काढली, तिचा काहींना आधार मिळाला. तरीही दागिने गहाण पडलेली, मुलीचे लग्न लांबणीवर गेलेली घरे आपल्या परिचयाची आहेत.

पेडण्याकडे चित्र निराळे दिसते, तथापि धडा तोच आहे. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्याच्या भरवशावर कोणी मोटारगाडी घेतली, कोणी घराला भाड्याच्या खोल्या जोडल्या. मांद्रे, मोरजी, हरमल या किनारी गावांत तर पर्यटकांच्या हंगामावरच वर्षाचा हिशेब मांडला जातो. यात गैर काही नाही. उद्योगासाठी ऋण काढणे हे पुरुषार्थाचेच लक्षण आहे. परंतु जे उत्पन्न अद्याप यावयाचे आहे त्याच्या जिवावर आजचा खर्च वाढविणे, आणि ते उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयावर अवलंबून असणे, हा योग जुळला म्हणजे काय होते, हे शेजारच्या डिचोलीला विचारावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऋण फेडण्याचे कर्तव्य सर्वश्रेष्ठ मानावे काय? आपल्या डोळ्यांसमोर लगेच राजा हरिश्चंद्र उभा राहतो. विश्वामित्राची दक्षिणा चुकती करण्यासाठी त्याने पत्नी विकली, पुत्र विकला, अखेर स्वतःला विकून तो स्मशानात राबला. सत्यनिष्ठेचा तो मेरुमणी खरा. परंतु ही कथा ऐकताना श्रोत्यांचे डोळे भरून येतात ते हरिश्चंद्रासाठी की तारामती आणि रोहिदासासाठी? आम्हांस वाटते, कथेनेही आपला गौरव जितका राजाला दिला आहे तितकीच आपली करुणा मायलेकरांना दिली आहे. शिवाय एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मार्कंडेय पुराणात राजपत्नी स्वतःच आपल्याला विकण्याचे सुचविते. म्हणजे ते ऋण तिला ठाऊक होते, त्याची मुदत तिला ठाऊक होती, आणि ते फेडण्याचा विचार दोघांनी मिळून केला होता. आज मुलाचे शिक्षण तोडून, वृद्ध आईचे औषध थांबवून हप्ता भरणारा गृहस्थ स्वतःला हरिश्चंद्र समजत असेल, तर त्याने आधी हे पाहावे की घरातील माणसांना त्या ऋणाची वार्ता तरी आहे काय.

याच्या उलट दुसरे टोक आहे. 'बँकेचा पैसा म्हणजे कोणाचाच पैसा नव्हे; मोठमोठ्यांची कर्जे बुडतात, मग आमच्या पन्नास हजारांनी काय होणार आहे?' हा युक्तिवाद आज सर्रास ऐकू येतो. मोठ्यांचा अधर्म आपल्याला धर्मातून मुक्त करीत नाही, हे तर उघडच आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बँकेला वा पतसंस्थेला चेहरा नसतो ही समजूतच खोटी आहे. गावच्या पतसंस्थेत कोणाची ठेव असते? निवृत्त झालेल्या शिक्षकाची, एखाद्या विधवेची, मुलीच्या लग्नासाठी पै-पै साठविणाऱ्या शेजाऱ्याची. आणि कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही कोणी केलेली असते? आपल्याच भावाने, आपल्याच मित्राने, जत्रेत पालखीला आपल्या बरोबरीने खांदा देणाऱ्याने. आपण हप्ता चुकवितो तेव्हा नोटीस त्याच्या घरी जाते, त्याच्या पगारावर टाच येते. ज्याला संस्थेचा चेहरा दिसत नाही त्याने निदान जामीनदाराचा चेहरा पाहावा. जामीनकीतून उद्भवलेले ऋण हा किती अवघड विषय आहे हे प्राचीनांनाही ठाऊक होते. म्हणूनच पित्याने केवळ ऋणकोच्या हजेरीपुरत्या घेतलेल्या जामीनकीचे ओझे पुत्रावर टाकू नये, असे मनुस्मृतीने सांगितले आहे.

याच संदर्भात शास्त्राने केलेला एक सूक्ष्म भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा नियम. परंतु द्यूत, मद्य आणि व्यर्थ दान यांपायी झालेले ऋण त्यातून वगळले आहे. उलट कुटुंबाच्या पोषणासाठी जे ऋण झाले ते कर्ता निधन पावला तरी विभक्त झालेल्या बांधवांनीही फेडावे, असा दंडक आहे. भारतात अन्यत्र हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने पुत्रावरील हे धार्मिक बंधन, त्यानंतर काढलेल्या ऋणांपुरते, न्यायालयात गैरलागू ठरविले. आमच्या गोव्यात तर वारशाचा कायदाच निराळा. कायदा बदलतो, परंतु त्यामागील प्रश्न बदलत नाही: हे ऋण कुटुंबासाठी आहे काय? ऋणपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक गृहस्थाने हा एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला, तर निम्मी ऋणे जन्मासच येणार नाहीत.

व्याजाविषयीही आपल्या पूर्वजांनी विचार केला होता. व्याज कितीही साचले तरी ते मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम स्मृतींत आहे, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानीत. धनकोलाही मर्यादा आहे, हा त्यातील भाव. ती मर्यादा ओलांडली गेली म्हणजे काय होते ते १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसले. तेथून उठलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि १८७९ मध्ये सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तुकोबारायांची कथा तर सर्वांस ठाऊकच आहे. घराण्यात सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रोख्यांपैकी आपल्या वाटणीचे त्यांनी इंद्रायणीत सोडले, परंतु धाकट्या भावाच्या वाटणीचे त्याला देऊन टाकले, अशी परंपरा आहे. आपले येणे सोडण्याचा अधिकार आपला. दुसऱ्याचे येणे बुडविण्याचा अधिकार संतालाही नाही. ऋणमाफीची भाषा करताना ही कथा पूर्ण सांगावी, अर्धी सांगू नये.

मग मार्ग कोणता? आमच्या अल्पमतीप्रमाणे क्रम असा असावा. अन्न, औषध आणि मुलांचे शिक्षण ही पहिली पायरी. कारण यांवर ज्याच्या जिवाचा व भवितव्याचा भार आहे तो स्वतः ऋण काढावयास गेला नव्हता. दुसरी पायरी ऋणाच्या हप्त्याची. तिसरी सण, कुळाचार आणि आप्तेष्टांच्या कार्याची, तीही शास्त्राला आवश्यक तेवढीच. आणि उरलेले सर्व त्यानंतर. ज्याला पहिल्या पायरीवरच मिळकत संपून जाते त्याने ऋण न फेडल्याचा दोष मानू नये. मात्र त्याने धनकोपासून तोंड लपवू नये. स्वतः संस्थेत जाऊन परिस्थिती सांगावी, मुदत वाढवून मागावी, हप्ता कमी करून घ्यावा. असमर्थ आणि अप्रामाणिक यांच्यातील रेषा येथेच आहे, आणि ती पैशाने आखलेली नसून सत्याने आखलेली आहे. इंग्रज लेखक म्हणून आपल्याकडे ओळखला जाणारा स्कॉटलंडचा वॉल्टर स्कॉट १८२६ मध्ये प्रकाशकांच्या दिवाळखोरीत सापडला, तेव्हा त्याने दिवाळे काढले नाही. वेळ मागून घेतला, आणि १८३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहून लिहून ऋण फेडीत राहिला. उरलेले त्याच्या ग्रंथांच्या हक्कांतून पुढे फिटले. धनकोंनी त्याला वेळ दिला, कारण त्याने तो उघडपणे मागितला.

केवळ तत्त्व सांगून संसार चालत नाही, म्हणून एक कल्पित हिशेब मांडू. एका कुटुंबाची मासिक मिळकत ३०,००० रुपये. अन्न व गॅस ११,०००, वीज, पाणी व फोन २,०००, शाळा व बस ४,०००, औषधपाणी २,०००; एकूण १९,०००. घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता ५,०००. सोन्यावर घेतलेल्या एक लाखाचे दरमहा एक टक्का व्याज १,०००. आणि कोठूनतरी तातडीने उचललेल्या ४०,००० वर दरमहा तीन टक्के व्याज १,२००. हे सर्व वजा जाता ३,८०० उरतात, आणि ते कोठे जातात हे घरात कोणासही सांगता येत नाही. हे कुटुंब त्या ४०,००० चे नुसते व्याजच भरीत राहिले, तर चौतिसाव्या महिन्यात भरलेले व्याज मुद्दलाहून अधिक होते, आणि मुद्दल मात्र जसेच्या तसे उभे असते.  आता त्याच ३,८०० पैकी १,८०० सणासुदीसाठी वेगळे काढले, म्हणजे वर्षाला २१,६०० होतात; आणि २,००० त्या महागड्या ऋणाच्या मुद्दलाकडे वळविले, तर व्याजासह दरमहा ३,२०० भरून ते सोळा महिन्यांत फिटते. मग तेच ३,२०० सोन्याच्या व्याजाच्या १,००० ला जोडले, की पुढील अठ्ठावीस महिन्यांत गृहिणीचे दागिने घरी येतात. एकूण चव्वेचाळीस महिने, म्हणजे चार वर्षांच्या आत. मिळकत एका रुपयाने वाढलेली नाही. केवळ महाग ऋण आधी व स्वस्त नंतर हा क्रम पाळला. कित्येक घरी तर वर्षाला साडेसहा टक्क्यांची ठेव जपून ठेवलेली असते आणि वर्षाला छत्तीस टक्क्यांचे ऋण चालू असते. आजारपणापुरती शिल्लक ठेवून उरलेल्या ठेवीने ते ऋण फेडण्यात मनाला धाकधूक होते खरी, परंतु हिशेब त्याच्याच बाजूचा आहे.

मिळकत अनियमित असेल त्यांनी काय करावे? याविषयी पौरोहित्य करणाऱ्या घरांचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. आम्हां भटजींच्या घरी श्रावण-भाद्रपदात आणि तुळशीच्या लग्नानंतर दक्षिणा येते. आषाढ आणि पौष मात्र कोरडे जातात. म्हणून जुन्या जाणत्यांची रीत अशी की संसार आषाढाच्या मिळकतीवर मांडावा, आणि भाद्रपदाची वरकड आधी देण्याकडे लावावी. काजूच्या हंगामावर, नारळाच्या पाडपीवर किंवा किनाऱ्यावरील पाहुण्यांवर ज्यांचे घर चालते त्यांनाही हा नियम तंतोतंत लागू आहे. भरतीच्या महिन्यावर ज्याने हप्ता ठरविला त्याला ओहोटीचे महिने पुन्हा उसने काढावयास लावतात.

आता एका नाजूक विषयाला हात घालणे प्राप्त आहे. चतुर्थी, जत्रा, मुंज, लग्न यांसाठी ऋण काढावे काय? पुजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या आम्ही याचे उत्तर देणे म्हणजे आपल्याच पानावरचा घास कमी करणे होय, हे आम्ही जाणतो. तरीही सांगतो, काढू नये. चतुर्थीची माटोळी ज्यांनी कल्पिली त्यांनी तिला रानातली फळे, फुले, सुपाऱ्या आणि परसातला नारळ बांधावयास सांगितला; देवाने आपल्याकडे जे पिकते तेच मागितले. दारूकामाचा धूर आणि विकतची आरास या गोष्टी त्याने मागितलेल्या नाहीत, शेजाऱ्याने पाहाव्या म्हणून आपण मागविलेल्या आहेत. कुळाचार दुर्वांनी आणि गूळखोबऱ्यानेही पूर्ण होतो. नवसाविषयी ज्यांच्या मनात भीती आहे त्यांनी पुरोहिताला विचारावे. शक्तीप्रमाणे यथावकाश फेडावा असेच कोणताही शहाणा पुरोहित सांगेल. जामीनदाराच्या घरी नोटीस पाठवून केलेला अभिषेक देवाला कसा रुचेल?

शेवटी एक गोष्ट, जिच्याविना वरील सर्व हिशेब व्यर्थ आहे. ऋण घरात बोलले गेले पाहिजे. आमच्या गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक मानण्याची परंपरा आहे, आणि पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नाही. हा कायदा पोर्तुगीज अमदानीतून आला खरा, परंतु सहधर्मचारिणी या आपल्या शब्दाचा आशयही तोच आहे. ती अर्ध्या घराची स्वामिनी असेल तर अर्ध्या ऋणाची माहिती तिला असू नये काय? अनेक पुरुष 'तिला काळजी नको' म्हणून ऋण लपवितात. परंतु लपविलेल्या ऋणापोटी रोज नवे असत्य बोलावे लागते, आणि ज्या दिवशी वसुलीदार दारात येतो त्या दिवशी तिला धक्का बसतो तो पैशाचा कमी आणि अविश्वासाचा अधिक. मोठ्या मुलांनाही सांगावे. या वर्षी नवा फोन का नाही हे ज्याला कळले आहे तो मुलगा रुसतो थोडा आणि शिकतो पुष्कळ.

येत्या अमावास्येस प्रत्येक महाजन कुटुंबाने एक वही घेऊन दिव्यापुढे बसावे, असे आम्ही सुचवितो. एका पानावर कोणाचे किती देणे, त्यावर व्याज किती, जामीन कोण. दुसऱ्या पानावर महिन्याचा खर्च. पतीने लिहावे, पत्नीने तपासावे. ज्याचे व्याज सर्वांत जड त्याच्यापुढे खूण करावी, आणि ज्याने आपल्यासाठी सही केली आहे त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन भेटावे. डिचोली आणि पेडण्यातील सर्व कुटुंबांस हे करण्याचे धैर्य श्रीदेवी लईराई, श्रीदेवी भगवती व श्री रवळनाथ देवो, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.